पाट्या ओरडायचा खेळ

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून चिन्हांची खोली माझ्याकडे आली. परवाना कार्यालयातली सगळ्यात लहान खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतूक चिन्हांचा तक्ता, परीक्षेच्या वेळी त्याच्यावर ओढायचा पडदा आणि चिन्हांच्या कार्डांचा एक गठ्ठा. बस, टॅक्सी, शाळेची व्हॅन अशी माणसं वाहून नेणाऱ्या सगळ्या चालकांची चिन्हांची तोंडी परीक्षा आता नव्यानं घ्यायची, असा आदेश आहे. साहेब म्हणाले, "तुम्हाला शंका फार येतात. तुम्हीच बसा तिथे." हे कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारी एक बसचालक आला. भरघोस मिशा, आवाज खणखणीत. सुरुवातीची सगळी उत्तरं बरोबर. मग मी अरुंद पुलाचं कार्ड धरलं तर म्हणाला, "हॉर्न वाजवू नका." निसरड्या रस्त्याचं धरलं तर म्हणाला, "पुढे अरुंद पूल." पुढची सगळी उत्तरं चूक, आणि चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नाही. तो गेल्यावर मी गठ्ठा तपासला. उकाड्यानं दोन कार्डांचं प्लास्टिक एकमेकांना चिकटलं होतं. हॉर्नचं कार्ड माझ्याकडून दाखवायचं राहिलं आणि तिथून त्याचं प्रत्येक उत्तर एक कार्ड मागे पडलं. म्हणजे तो कार्डाकडे बघतच नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी घोकून घेतलेला क्रम म्हणत होता.

मला हसू आलं. मग खिडकीतून तो खाली जाताना दिसला. नापास झाला तरी जुनं लायसन्स महिनाअखेरपर्यंत चालतं. त्यानं बस सुरू केली आणि फाटकातून रस्त्यावर घातली. हसू कुठल्या कुठे गेलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कालपासून मी प्रत्येक माणसाआधी कार्डं पिसतो. निम्म्याहून जास्त लोक नापास होताहेत.

शेजारच्या खोलीत अण्णा बसतात. ते निवृत्तीला आलेले ज्येष्ठ परीक्षक. दारातून डोकावून म्हणाले, "काय हो, रमीचा डाव मांडलाय का?"

"लोक क्रम पाठ करून येतात अण्णा."

"मग? आपण पाढे कसे शिकलो? झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, त्यालाच ज्ञान म्हणतात." ते स्वतः कार्डं पिसत नाहीत. त्यांच्या दारासमोर रांग मोठी असते, हे माझ्या आज लक्षात आलं.

संध्याकाळी एक टॅक्सीवाला नापास झाला. दारात थांबून म्हणाला, "बघून घेतो साहेब." आवाज चढवला नाही. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मी घरापर्यंत चालत आलो, चारदा मागे वळून पाहिलं.

घरी ताईला सांगितलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यापासून आमच्या खालच्या मजल्यावर राहते आणि स्वतःची शाळेची व्हॅन चालवते. आमची चिंगी तिच्याच गाडीतून शाळेत जाते. मला गाडी चालवायला तिनंच शिकवलं. लायसन्स मिळालं, पण गर्दीत माझे पाय लटपटतात, म्हणून मी पायीच फिरतो.

ती हसली. "बाळ्या, स्वतःला चालवायची भीती वाटते म्हणून तू दुसऱ्यांना नापास करतोस." मधुमेहाची गोळी तोंडात टाकली आणि चहात दोन चमचे साखर घातली. बायको म्हणाली, "अहो ताई!" तर म्हणे, "गोळी कशासाठी घेतली मग?"

बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. हल्ली माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघत बोलते. बायकोलाही तसंच वाटतं. माझं काही चुकलं का? मागच्या आठवड्यात मी तिला रस्त्यातून हात केला तेव्हाही ती तशीच पुढे निघून गेली होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जरा बरं वाटलं. जेवताना चिंगीनं वाहतूक चिन्हं धडाधडा सांगितली. मी थक्क झालो. म्हणाली, "आत्याच्या गाडीत आम्ही पाट्या ओरडायचा खेळ खेळतो. पाटी दिसली की जो पहिल्यांदा ओरडेल त्याला एक मार्क. ज्याचे मार्क जास्त तो दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर."

"आणि पुढच्या सीटवाल्यानं काय करायचं?"

"त्याला सगळंच ओरडावं लागतं. सिग्नल लाल झाला, कोणी आडवं आलं, सगळं. तो कॅप्टन असतो."

मला फार आनंद झाला. माझ्या नोकरीवरून ताई कितीही थट्टा करो, माझं काम तिनं मनावर घेतलं आहे. मुलांना या वयात चिन्हं कळली तर पुढे पाठांतराची वेळच येणार नाही. साहेबांना सांगायला हवं. असा खेळ सगळ्या व्हॅनमध्ये का नको?

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चिंगीला व्हॅनमध्ये बसवून वळलो तेव्हा कोपऱ्यावर एक बाई स्कूटर सुरू ठेवून उभी होती. निळं हेल्मेट, काच खाली ओढलेली. व्हॅन निघाली तशी तीही निघाली, थोडं अंतर ठेवून, मागोमाग.

योगायोग असेल. पण गेल्या आठवड्यातही मी हे निळं हेल्मेट पाहिलं होतं, आणि पाहूनही लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज ताईची परीक्षा होती. माझ्या खोलीत तिचं नाव आल्याबरोबर मी साहेबांकडे गेलो. सख्खी बहीण, मी परीक्षा घेणं योग्य नाही. ते म्हणाले, "तुमच्या तत्त्वांनी माझा जीव जाणार एक दिवस. पाठवा अण्णांकडे."

थोड्याच वेळात अण्णा स्वतः आले. "बहीण आहे की बंदूक? कार्ड वर धरायच्या आत उत्तर! एक चूक नाही. आणि तुम्ही घरचं माणूस सोडून जगाला नापास करत बसलाय."

मला अभिमान वाटला. खरंच वाटला. ताई जिन्यात भेटली. अण्णांच्या खोलीतून बाहेर पडताना तिनं भिंतीला हात लावला होता आणि पायऱ्या उतरताना कठडा सोडला नाही. गुडघे दुखत असावेत.

"आता तरी खूश का?" तिनं विचारलं.

"मी कधी नाखूश होतो?"

"तू जन्मल्यापासून नाखूश आहेस," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघून हसली.

कार्ड वर धरायच्या आत. हे शब्द आत्ता लिहिताना मला किंचित खटकले. पण ताई रोज रस्त्यावर असते. तिला पाठ करायची गरज काय?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निळं हेल्मेट आज कार्यालयाच्या फाटकासमोर होतं. मी बाहेर आलो तशी ती बाई दोन पावलं पुढे आली, थांबली, आणि स्कूटर वळवून निघून गेली. चेहरा दिसला नाही.

घरी आलो तर कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "एक बाई तुमचं घर विचारत होत्या. मुलगी कितवीत आहे तेही विचारलं."

ही त्या टॅक्सीवाल्याची बायको असणार, नाहीतर बहीण. त्यानं बघून घेतो म्हटलं होतं. माझ्यापर्यंत येण्यापेक्षा चिंगीपर्यंत जाणं सोपं.

बायकोला सगळं सांगितलं नाही. ताईला सांगितलं. दोन गोष्टी मागितल्या. चिंगीला रोज पुढे, तिच्या शेजारीच बसवायचं, दार आतून लावून. आणि शाळेचा रस्ता बदलायचा, म्हणजे त्या बाईला माग काढता येणार नाही. कालव्याच्या कडेनं जाणारा नवा रस्ता आहे, रहदारी कमी.

"तो रस्ता माझ्या पायाखालचा नाही रे," ताई म्हणाली. "जुन्या रस्त्यावर मी डोळे मिटून जाईन."

"ताई, मला भीती वाटते. माझ्यासाठी एवढं कर."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी लहान असताना फिरवायची तसा. "बरं. चिंगी सांगेल मला कुठे वळायचं."

तिनं ऐकलं, हे फार मोठं काम झालं. आज झोप लागेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवा रस्ता. निळं हेल्मेट दिसलं नाही. युक्ती चालली.

व्हॅनच्या डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत लांबलचक ओरखडा आहे. ताई म्हणते, शाळेपाशी गाडी लावली होती तेव्हा कोणीतरी घासून गेलं. मला तसं वाटत नाही. मुद्दाम केलेलं आहे. ते लोक आता गाडीपर्यंत पोचले आहेत. पोलिसांत जावं का? पण सांगू काय? एका बाईचं हेल्मेट निळं आहे?

आज अकरा जण नापास केले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहायचं आहे आणि लिहावंसं वाटत नाही.

चिंगी काल शाळेतून आल्यापासून जेवत नव्हती. आज संध्याकाळी गच्चीवर घेऊन गेलो, विचारलं. आधी म्हणाली, काही नाही. मग एकदम रडायला लागली.

"बाबा, माझ्यामुळे झालं. मी दप्तरात खोडरबर शोधत होते."

"काय झालं तुझ्यामुळे?"

"मी पाटी ओरडलेच नाही. रस्त्याचं काम चालू होतं, ती माणूस फावडं घेऊन असतो ना, ती पाटी. मी कॅप्टन होते. आणि आत्या गेलीच पुढे. ते पिवळे डबे उडाले. एक काका होते तिथे, त्यांनी उडी मारली म्हणून. बाबा, त्यांनी उडी मारली म्हणून."

"मग आत्या काय म्हणाली?"

"आत्या म्हणाली कोणाला सांगू नका. ती पण रडत होती. मला म्हणाली, तुझी चूक नाही सोन्या. पण चूक माझीच ना? मी ओरडले असते तर ती थांबली असती."

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तुझी चूक नाही, मोठ्या माणसांना दिसतंच की समोरचं.

हे मी बोललो. हेच वाक्य. बोलून झाल्यावर गच्चीच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

ताई दमलेली असेल. ऊन डोळ्यांवर आलं असेल. नवा रस्ता मीच तिच्या गळ्यात मारला. कुठल्याही चालकाचं एखाद्या वेळी लक्ष चुकतं, दहा वर्षांत तिचं एकदाही चुकलेलं नाही, आणि मी एका प्रसंगावरून...

उद्या चिंगीला ताप आहे असं सांगून घरी ठेवतो. फक्त उद्याचा दिवस. बाकीच्या मुलांचं मी काय करणार, याचा विचार आत्ता करत नाही, आणि करत नाही हे मला कळतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहितो.

चिंगी घरी राहिली नाही. आजारी नसताना आजारी सांगायचं नाही, हे मीच शिकवलंय. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात ती खाली उतरून गाडीत बसली. मी खिडकीशी येईपर्यंत व्हॅन वळली होती. शाळेत फोन करून मुलं पोचल्याचं विचारलं, मग कार्यालयात गेलो.

दुपारी दारावर टकटक झाली. निळं हेल्मेट हातात धरून ती बाई आत आली. माझ्याच वयाची, घामेजलेली. मी खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो. खरं सांगायचं तर टेबलाच्या मागे लपलो.

"बसा," मी म्हणालो, "तुमच्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसता येईल, धमक्या द्यायची गरज नाही."

"माझा कोण माणूस?" ती म्हणाली. "माझा मुलगा तुमच्या बहिणीच्या गाडीत असतो. दुसरीत आहे."

मी टेबलामागून बाहेर आलो आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"मी महिनाभर रोज त्यांच्या मागून येते. त्या दोनदा लाल सिग्नलमधून गेल्या. एकदा एक म्हातारे रस्ता ओलांडत होते, पोरं आतून किंचाळली तेव्हा कुठे थांबल्या. मध्येच तुम्ही रस्ता बदललात, मला सापडेना गाडी. दोन दिवस मी वेड्यासारखी शोधत होते."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कोणाला?"

"कोणाला सांगू? लायसन्स देणारे तुम्ही. भाऊ तुम्ही. त्यातून त्या परीक्षेत पहिल्या आल्या म्हणे." तिनं हेल्मेट टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. "आणि मला वाटायचं, मीच चुकत असेन. एका बाईचा धंदा बसेल माझ्यामुळे. त्या माझ्या पोरावर फार माया करतात हो. तुमच्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेले. तुमची मुलगी त्याच गाडीत आहे असं कळलं तेव्हा वाटलं, मग सगळं ठीकच असणार. बाप परीक्षक आहे."

मी तिला एकच विचारलं. "त्या तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघतात का?"

"नाही," ती म्हणाली. "बाजूला बघतात."

शाळा सुटायला वेळ थोडा होता. मी कार्यालयातून पळत निघालो. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मुलं गाडीत चढून बसली होती आणि ताईनं इंजिन सुरू केलं होतं. मी त्याच क्षणी गाडी बंद करायला लावायला हवी होती. मी चालवतो, तू उतर, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. आठ मुलांसमोर, बाकीच्या चालकांसमोर ताईला उतरवायचं धाडस झालं नाही, आणि स्वतः चालवायचं तर त्याहून नाही. मी पुढचं दार उघडलं आणि चिंगीला मागे जायला सांगितलं.

"बाबा, तू मोठा आहेस, तू नाही खेळायचं!"

"आज परीक्षक आलेत रे," ताई ओरडली. "सगळे फर्स्ट क्लास बोला!"

जुन्याच रस्त्यानं चल, एवढं मी म्हणालो. आणि मग सबंध रस्ताभर ओरडत राहिलो. गतिरोधक! रस्ता द्या! उजवीकडे वळायला बंदी! सिग्नल लाल, ताई, लाल! मुलं माझ्यावर मात करायला आणखी जोरात ओरडत होती. पाट्या नव्हत्या तेही मी ओरडलो. सायकलवाला! आजोबा, उजवीकडून! कुत्रं!

"कुत्र्याची पाटी कुठे असते रे बाळ्या?" ताई म्हणाली आणि मुलं खिदळली.

मी बोललो की तिचा पाय हलत होता. माझ्या शब्दानंतर, आधी कधीच नाही. एकदा घसा कोरडा पडला, एक गतिरोधक राहिला, आणि गाडी त्याच वेगात त्याच्यावरून उडाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आरशात निळं हेल्मेट दिसत होतं. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली, ते दिसतंय म्हणून मला रडू येत होतं.

शेवटचं मूल उतरलं. आमच्या गल्लीत आलो. चिंगीला वर पाठवलं, तेव्हा बायको फाटकापाशी येऊन उभी होती, पिवळ्या कुडत्यात, भर उन्हात, हात हलवत. पंधरा पावलांवर असेल.

"ताई, फाटकाशी कोण आहे?"

"कोण असणार? कोणी नाही."

मग तिनं मान जरा कलती केली, माझ्या कानापलीकडे बघायची तशी फाटकाच्या बाजूला बघितलं. "थांब. तुझी बायको का रे?"

तिनं स्वतःच इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"ताई."

तिनं स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मधोमध एक डाग असतो. आधी वाटलं काच मळलीय. रोज पुसायचे. कडेचं सगळं दिसतं बघ. पांढरी रेघ दिसते, फुटपाथ दिसतो. ज्याच्याकडे बघावं तेवढंच जातं."

"आणि परीक्षा?"

"मास्तरांनी क्रम दिला होता. अण्णा काय धरत होते देव जाणे, मी म्हणत गेले."

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत होतं म्हणून. गाडी गेल्यावर मी काय, वर तुमच्याकडे जेवायला येऊन बसू? आश्रित म्हणून?"

"मुलं होती गाडीत, ताई."

"मुलंच तर बघत होती ना."

हे ती अगदी सहज बोलली. मग ते तिला स्वतःलाच ऐकू आलं. तिनं तोंडावर हात घेतला आणि बराच वेळ काढला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी झाली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल आणि आज सगळ्या पालकांना फोन केले. ताई शेजारी बसली होती. मी म्हटलं, मी बोलतो, तर म्हणाली, "गाडी माझी, मुलं माझी, मीच बोलणार." नंबर मी लावून दिले. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं: मला दिसत नाही, मी लपवलं, सोमवारपासून गाडी बंद. एका वडिलांनी तिला इतकं बोलून घेतलं की फोनमधून बाहेर ऐकू येत होतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

एका मुलाची आई मात्र म्हणाली, "अहो, चालवा की हळूहळू, आम्हाला दुसरी व्हॅन कुठे मिळणार?" फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, "बघ, मलाच नाही, लोकांनाही दिसत नाही." आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मला हसता आलं नाही.

त्या रस्त्याच्या कामावरही जाऊन आलो. उडी मारणारा माणूस धडधाकट आहे. ताईला सांगितलं. ती आतल्या खोलीत निघून गेली.

चिंगीला खरं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे खेळ नव्हता?" मी म्हणालो, नव्हता. तिनं खूप विचार केला आणि विचारलं, "मग आम्ही चांगलं केलं की वाईट?" मी परीक्षा घेतो, आणि या एका प्रश्नावर दोन दिवस गप्प आहे.

लायसन्स थांबवण्याचा अहवाल कोणी लिहायचा हा प्रश्न होता. मी तो अण्णांवर सोपवणार होतो, नात्याचं कारण पुढे करून. ताई म्हणाली, "परीक्षा घ्यायला नको म्हणालास, ते ठीक. हे तरी तूच लिही. परक्यानं लिहिलेलं मला नाही सोसायचं."

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिहिला. साहेबांना दिला, आणि अण्णांच्या खोलीत क्रमानं पास झालेल्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी, अशी विनंतीही जोडली. साहेब वाचून म्हणाले, "बहिणीपाशीच थांबला असतात तर चाललं नसतं का?" अण्णा दुपारी माझ्याकडे आले नाहीत. त्यांच्या दारासमोर रांग तशीच होती. खिडकीतून मी रस्त्याकडे बघायचं टाळलं.

चिंगी सकाळी त्या बाईंच्या स्कूटरवरून गेली, त्यांच्या मुलाला मधे बसवून. वळणापर्यंत मी बघत होतो. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, मगच वळल्या. तरी त्या दिसेनाशा झाल्यावरही मी तिथेच उभा होतो. हे आता असंच राहणार आहे असं वाटतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात तिचा हात धरला, तो गार पडला होता. मी म्हटलं, "भीती वाटते का?" म्हणाली, "तुला वाटते तेवढी नाही."

आतली खोली काळोखी, समोर उजेडात अक्षरांचा तक्ता. सगळ्यात वर एकच मोठं अक्षर, हाताच्या पंजाएवढं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी ताईचा एक डोळा झाकला आणि विचारलं, "सगळ्यात वरचं कोणतं?"

ताईनं मान कलती करायला सुरुवात केली, डॉक्टरांनी हनुवटी धरून सरळ केली. "असंच बघायचं. समोर."

मी तिच्या बाजूच्या स्टुलावर होतो. मला अक्षर लख्ख दिसत होतं. माझे ओठ हलले. आवाजही फुटला असावा, कारण ताईनं कान माझ्या बाजूला केला आणि डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर आलो. दार पूर्ण लागत नव्हतं. बाकावर बसलो आणि ऐकत राहिलो. खूप वेळ आतून काहीच आलं नाही. ताई अंदाज करेल असं मला वाटलं, ती हुशार आहे, एखादं अक्षर ठोकून देईल. ते बरोबर निघावं असंही वाटलं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण वाटलं.

"नाही दिसत," ताई म्हणाली.

"बरं. त्याच्या खालचं?"

"तेही नाही."

"दुसऱ्या डोळ्यानं बघू. आता वरचं?"

"नाही हो. नाही दिसत."

तिचा आवाज अजिबात कापत नव्हता. बाहेर बाकावर माझे ओठ पुन्हा हलत होते, ते मी हातानं दाबून धरले आणि तिचं पुढचं उत्तर ऐकू लागलो.